पाहुण्याचं पाणी

आमच्या लहानपणी गावात कुणाला तहान लागत नसे. निदान आमच्या दाराशी आल्यावर तरी लागत नसे. गाव सिल्लोडकडचं, उन्हाळ्यात डोकं भणभणायला लावणारं. वडिलांकडे काही कामाचं सांगायला कुणी यायचा, ओट्याच्या खालीच उभा राहायचा, सदरा घामानं पाठीला चिकटलेला असायचा. आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली की त्याचा हात आपोआप छातीशी जायचा. "नको नको, आत्ताच पिऊन आलो." मास्तर आत्ताच पिऊन आलेले असायचे, ग्रामसेवक आत्ताच पिऊन आलेले असायचे, मतं मागायला आलेला अख्खा घोळका आत्ताच पिऊन आलेला असायचा. वाईट कुणी बोलायचं नाही. जात तर कुणी तोंडातून काढायचंच नाही. काळ बदललेला होता ना!

"आपल्या दाराचा गुणच हाय आई," माझी थोरली बहीण म्हणायची. "हितं आलं की माणसाची तहानच मरती."

ही माझी आक्का. आमचं दीक्षा घेतलेलं घर. तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यायलेल्या माणसांची गोष्ट जयंतीला दरवर्षी ऐकायची, घरी येऊन पुन्हा एकमेकांना सांगायची. म्हणून असेल, पण आईनं पाणी पुढं करणं कधी सोडलं नाही. घरात पाहुण्यांसाठी वेगळा माठ होता. त्यात सगळ्यात आधी भरलेलं, दुहेरी फडक्यानं गाळलेलं पाणी असायचं. तांब्या राखेनं घासून असा चकचकीत केलेला असायचा की त्यात आपलं तोंड वाकडं दिसायचं. घासायचं काम आक्काकडं. पाहुणे पीत नसत, त्यामुळं संध्याकाळी त्या माठातलं शिळं पाणी आम्ही भावंडं प्यायचो आणि आक्का माठ पुन्हा विसळून दुसऱ्या दिवसासाठी भरायला जायची. मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. मी तसं बोललोही, आणि आईच्या हातचा धपाटा खाल्ला.

पुढं पाण्यानंच माझं पोट भरायचं होतं. गेली कितीतरी वर्षं मी संभाजीनगरात, चिकलठाण्याकडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत पाणी तपासतो. ज्या शहरात नळाला पाणी आलं की लोक लग्नघरासारखी धावपळ करतात, त्या शहरात बसून जगाच्या पाण्याला चांगलं-वाईट म्हणायचं, हा एक विनोदच आहे. माझ्या स्वतःच्या घरी पाणी येतं त्या दिवशी मी कामावर उशिरा पोचतो, कारण टाकी भरेपर्यंत मोटरीपाशी उभं राहावं लागतं. शेजारी मला जिन्यात अडवून विचारतात, "साहेब, एका शब्दात सांगा, आपलं पाणी चांगलं आहे का?" एका शब्दात सांगण्यासारखं असतं तर मी एवढी वर्षं काचेच्या नळ्या धूत बसलो नसतो. मी चिडतो. चिडतो म्हणून ते पुन्हा विचारतात.

आमच्याकडे पाणी बाटलीत येतं आणि बाटलीवर फक्त क्रमांक असतो. गाव, मालक, कंपनी, काही म्हणजे काही लिहिलेलं नसतं. ते आमच्या प्रमुख मॅडमना ठाऊक असतं, आम्हा तपासणाऱ्यांना नाही. पाणी कुणाचं हे कळलं की हात आपोआप एका बाजूला झुकतो, असं मॅडमचं म्हणणं, आणि ते खरंच आहे.

तर एकदा अशाच बाटल्या आल्या. विदर्भातल्या कोळशाच्या पट्ट्यातल्या विहिरीच्या, एवढं कळलं होतं, कारण काय काय शोधायचं ते त्यावर ठरतं. कोळसा काढायला जमीन खोल उघडली की आतले दगड हवेला आणि पाण्याला लागतात, त्यातलं गंधक पाण्यात उतरतं, लोखंड उतरतं, पाणी जड होतं. खाणीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी पंपानं उपसून नाल्यात सोडतात आणि आजूबाजूच्या विहिरी खालून आटत जातात. उरतं त्यात हे सगळं दाट होतं. असं पाणी मी पूर्वीही तपासलं होतं. तळाशी विटकरी गाळ बसलेला, बाटली उघडली की खिळ्यांच्या डब्यासारखा वास. या बाटल्या मात्र उघडल्या तर वास नाही, गाळ नाही. जडपणा बेताचा. सल्फेट, म्हणजे ते पाण्यात उतरलेलं गंधक, जेमतेम. मी पुन्हा तपासलं. तेच आलं.

मॅडमना जाऊन म्हणालो, "खाणीशेजारच्या विहिरीचं पाणी इतकं चांगलं नसतं."

"तुमच्या तपासणीत चूक आहे?"

"नाही."

"मग आपण बाटलीत आलेल्या पाण्याबद्दल बोलू. विहिरीबद्दल आपल्याला कुणी विचारलेलं नाही."

मॅडम वाईट नाहीत. गिऱ्हाईकानं कितीही डोळे वटारले तरी एक आकडा इकडचा तिकडे न करणारी ही बाई आहे. तरी त्यांनी अहवालासोबत लिहिलं की नमुने कसे घेतले ते एकदा पाहावं. खाली आमचं नेहमीचं छापील वाक्य होतंच, की निष्कर्ष फक्त मिळालेल्या नमुन्यापुरते आहेत. ते वाक्य आजवर कुणी वाचलेलं मी पाहिलेलं नाही. अहवाल गेला. कुठल्या तरी वस्तीचं नशीब बरं दिसतंय, असं म्हणून मी दुसऱ्या बाटल्यांकडे वळलो.

आक्का त्याच पट्ट्यात दिली आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. पण तो पट्टा काय एवढासा आहे? तिचं लग्न नागपूरला दीक्षाभूमीवर जमलं. दोन्ही घरची माणसं एकाच झाडाखाली भाकरी सोडून बसली होती, तिथं बोलणं निघालं, आणि सिल्लोडकडची पोरगी वणीच्या पलीकडे गेली. त्या वेळी तिथं पांढरं सोनं पिकायचं. वस्तीपासून खाण लांब होती. मग ती जवळ येत गेली. आधी रात्रीचे दिवे दिसायला लागले, मग सुरुंगाचे आवाज, मग घराच्या भिंतीला भेगा, आणि शेवटी वस्तीच्या मागं खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर उभा राहिला. डोंगर वाढला तसं विहिरीचं पाणी खाली गेलं आणि बिघडलं. फोनवर आक्का सांगायची, "दाळ शिजंना रे. दुपारपासून चुलीवर हाय, अजून टचटच लागती." नंतर तिला मुतखड्याचा त्रास सुरू झाला. तो पाण्यानंच झाला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, ते माझं शास्त्र नव्हे. डॉक्टरनं तिला सांगितलं, चांगलं पाणी भरपूर प्या. चांगलं पाणी नाल्यापलीकडच्या एका हातपंपाला होतं. जायला शेतांमधून आडवाट, आणि आक्काचे गुडघे कधीच कामातून गेलेले.

मी दर वेळी म्हणायचो, "एक बाटली भरून पाठव माझ्याकडं." ती म्हणायची, "पाठवीन की." पाठवली मात्र कधीच नाही. त्याचं कारणही मला पुढं कळलं.

एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. आवाजात राग नव्हता, गोंधळ होता.

"भाऊ, आमचं पाणी तुझ्या संभाजीनगरलाच तपासायला गेलतं म्हणं. तुला कळलं का न्हाय?"

मी म्हणालो, "कधी?"

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. खाणीच्या परिणामांची पाहणी करायला तालुक्याला एक समिती बसली होती. विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही असं निघालं तर नदीपलीकडून पाइप टाकून प्रत्येक गल्लीत नळ द्यायचा, असं गावासमोर ठरलं होतं. तपासणी जवळपास कुठं केली तर खाणवाले म्हणतील गावानं फोडली, गाव म्हणेल खाणीनं विकत घेतली. म्हणून मुद्दाम लांबची प्रयोगशाळा शोधली. ती आमची. बाटल्या घराघरातून भरून गेल्या होत्या, आक्काच्याही. आता निकाल पंचायतीत लावला होता: पाणी पिण्यास योग्य. नळ येणार नव्हता.

"चांगलं कसं निघालं रे?" आक्का विचारत होती. "आमी त्येच पितो ना. दाळ शिजंना त्यात. मपल्या तोंडाला चव ऱ्हाईना. तुमची मशीन बिघडली का काय?"

"मशीन बरोबर आहे. आक्का, तू बाटलीत कुठलं पाणी भरलंस?"

"घरातलं."

"घरातलं म्हणजे? विहिरीचं ना?"

ती म्हणाली, "माठातलं. पाव्हण्याचं."

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून निघालो. यवतमाळमार्गे एसटीनं सगळी हाडं खिळखिळी करून घेत सकाळी वणीला पोचलो, तिथून मिळेल त्या वाहनानं वस्तीवर. तिकडची झाडं राखाडी असतात, रस्ते काळे, आणि बायकांची वाळत घातलेली पातळं कुठल्याच रंगाची नसतात. आक्का दारातच उभी होती. माझ्यापेक्षा फार मोठी नाही ती, पण म्हातारी दिसली. ते बघून मला रागच आला. कुणाचा आला ते सांगता येत नाही, पण दाराशी बांधलेल्या शेळीवर मी उगाच ओरडलो.

आक्कानं आधी तांब्या आणला. राखेनं घासलेला, तसाच. खाली ताटली धरलेली.

"हे कुठलं?"

"पी ना रं आधी."

"आक्का, हे हातपंपाचं आहे. मला विहिरीचं दे."

"येडा झाला का तू? इतक्या लांबून आला आन त्ये मचूळ पाणी देऊ तुला? बाटलीत भरून धाडायलाबी हात धजला न्हाय माझा."

दाजी खाटेवर बसून हसत होते. "सालेबुवा, मी सांगून रायलो तुमाले, तुमची बहीण आयकत नाई कोनाचं. मले इतक्या वर्सात त्या माठातलं पानी भेटलं नाई. मी घरचा ना! घरच्यानं हिरीचं प्याव." 

तेव्हा मला घराची व्यवस्था दिसली. मागच्या पडवीत निळं प्लास्टिकचं पिंप होतं, विहिरीच्या पाण्यानं भरलेलं, कडेनं तांबूस थर चढलेला. आतल्या खोलीत पाटावर माठ, त्यावर धुतलेलं दुहेरी फडकं. आक्का पहाटे हातपंपावर जाऊन एक कळशी आणायची आणि माठात भरायची. स्वतः त्यातलं प्यायची नाही. डॉक्टरनं सांगूनसुद्धा नाही. कळशी एकच आणवते, आणि कुणी आलं तर? आणि हे एकट्या तिचंच नव्हतं. त्या गल्लीतल्या प्रत्येक घरात एक पिंप होतं आणि एक माठ होता.

दुपारी गल्लीतल्या बायका आक्काच्या पडवीत जमल्या. त्यांना मी विचारलं, बाटल्या भरल्या कशा? सगळ्यांनी मिळून सांगितलं, एकमेकींना अडवत. नमुने घ्यायला माणूस आला तेव्हा वीज गेलेली होती, मोटर बंद. विहिरीचं पाणी इतकं खोल गेलेलं की दोर लावून काढायची सोय कुणी ठेवलेली नव्हती. तो थांबला, कंटाळला, मग म्हणाला, विहिरीचंच पाणी घराघरात भरलेलं असेल ना, त्यातलं द्या. आणि पहिला आक्काच्या दारात आला.

"चांगला मानूस व्हता," आक्का म्हणाली. "मिशीवाला, शिकलेला. उन्हाचं तोंड लाल झालतं त्याचं. म्या ईचारलं, दादा, पाणी घेता का? तर हात फुडं केला त्यानं. गटागटा पिला. तांब्या रिकामा केला आन म्हणला, ताई, अजून द्या." ती माझ्याकडे बघत होती. मला समजतंय की नाही, ते बघत होती. "मग त्यानं बाटली फुडं केली. आता त्याला प्यायला एक दिलं आन बाटलीत दुसरं भरू व्हय? घाण? त्याच्या देखत?"

त्या ओट्याखाली उभी राहिलेली सगळी माणसं माझ्या डोळ्यांपुढं आली. मास्तर, ग्रामसेवक, मतं मागणारे. सगळे आत्ताच पिऊन आलेले. आक्कानं आयुष्यभर तांब्या घासला होता आणि शेवटी सरकारी कामावर आलेला एक माणूस दारात उभा राहून तिच्या हातचं मागून मागून प्यायला होता. त्यानं आमचं पाणी बाटलीत भरून, त्यावर चिठ्ठी डकवून, जपून पेटीत ठेवलं होतं. अशा माणसाला पिंपातलं पाणी द्यायला हवं होतं हे मला तिला सांगायचं होतं. मला ते सांगता आलं नाही. गल्लीतल्या बाकीच्या बायकांनीही तेच केलं होतं, कुणी कुणाला न विचारता. एकीनं तर बाटलीत ओतायच्या आधी पाणी पुन्हा गाळलं होतं, आपल्या घरचं नाव खाली जायला नको म्हणून. ती हे मोठ्या अभिमानानं सांगत होती, आणि सांगता सांगता माझं तोंड बघून गप्प झाली.

"म्हंजे आमच्यानंच नळ गेला व्हय?" आक्कानं विचारलं.

"नाही."

"खरं सांग."

"तू नाही आक्का. ज्यानं विहिरीपर्यंत न जाता कागदावर विहीर लिहिलं, त्याची चूक आहे."

"त्याला कशाला बोल लावतू? उन्हाचा आलता बिचारा."

दुसऱ्या दिवशी दाजींना घेऊन मी तालुक्याला समितीच्या कार्यालयात गेलो. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, समोर सीलबंद पाण्याची बाटली ठेवली. सभ्य माणूस होता. मी कोण, काय करतो, माझ्याच हातून ते पाणी तपासलं गेलं आणि ते विहिरीचं कसं नव्हतं, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "नमुने गावकऱ्यांनी स्वतः दिलेत. तशा सह्या आहेत, अंगठे आहेत."

"दिलेत, पण ते पाहुण्यासाठी ठेवलेलं पाणी होतं."

"म्हणजे वस्तीवर चांगलं पाणी आहे."

"ते लांबच्या हातपंपाचं आहे. एक कळशी आणतात."

"पण आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच कोडं पडलेलं दिसत होतं. "मग लोकांनी तेच प्यावं ना. पाहुण्याला देण्याइतकं आहे तर स्वतःला का नाही?"

मी उठून उभा राहिलो. माझा आवाज चढला. दाजींनी माझी बाही ओढली. "साहेब, हे तापट हायेत जरा," ते म्हणाले, आणि साहेब समजूतदारपणे हसले. विहिरीचं पाणी मी स्वतः काढून तपासतो, निकाल आणून देतो, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमची सख्खी बहीण राहते ना तिथं? मग तो निकाल आम्ही कसा धरायचा?" त्यांच्या जागी मॅडम असत्या तर त्याही हेच म्हणाल्या असत्या. पुढची पाहणी होईल तेव्हा पुन्हा नमुने घेऊ, असं ते म्हणाले. कधी होईल? ते वरून ठरतं. बाहेर आल्यावर दाजींनी तंबाखू मळली. "गोड मानूस हाय," ते म्हणाले, "कायीच करत नाई, पन गोड हाय."

निघायच्या दिवशी सकाळी वीज होती. विहिरीवरची मोटर चालू करून, पाइपातलं जुनं पाणी वाहून जाऊ दिलं आणि मी माझ्या बाटलीत नमुना भरला, शास्त्रात सांगितलंय तसा. तो कुठंच धरला जाणार नव्हता हे ठाऊक असूनही भरला. हात रिकामे राहिले की माणसाला फार वाईट वाटतं. आक्का काठावर उभी होती.

"फुडच्या वेळी हेच द्यायचं," मी म्हणालो. "सगळ्यांनी. कुणीही आलं तरी बाटलीत विहिरीचंच. कळलं ना?"

"कळलं."

"देशील ना?"

ती पाण्याकडं बघत राहिली. पाइपाच्या तोंडाशी तांबडा फेस जमला होता. "माझ्या हातानं न्हाय व्हायचं रे ते," ती म्हणाली. "आई दिसती मला. तू सूनबाईला सांगून जा. तिला जमंल." सून विहिरीपाशीच, जरा मागं उभी होती. तिनं मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची ते मला कळलं नाही.

निघताना आक्कानं माझी प्रवासाची बाटली काठोकाठ भरून दिली. कुठलं पाणी ते विचारण्यात अर्थ नव्हता. ती भरताना माठ तळाला गेला होता, मी पाहिला होता. म्हणजे ती संध्याकाळी पुन्हा आडवाटेनं हातपंपावर जाणार. मी घेत नाही म्हणालो असतो तर? "आत्ताच पिऊन आलो" म्हणालो असतो तर? हे वाक्य तिच्या तोंडावर म्हणण्यापेक्षा मी जीभ हासडली असती. घेतली बाटली.

संभाजीनगरला पोचल्यावर घरी न जाता आधी प्रयोगशाळेत गेलो. मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि मग समितीला पुन्हा पत्र लिहायला बसल्या. त्याचं उत्तर नंतर आलं. पुढील पाहणीच्या वेळी विचार केला जाईल, असं होतं. मी विहिरीचा नमुना लावला. जड, अतिशय जड. सल्फेट मर्यादेच्या किती तरी वर, लोखंडही तसंच. पिण्याजोगं नाही. असं पाणी माझी बहीण रोज पितेय, हे एरवी मला नुसतं माहीत होतं, आता ते माझ्या अक्षरात समोर होतं. मग सवयीनं, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून, प्रवासाच्या बाटलीतलं थोडं पाणी काढून तेही लावलं. जडपणा बेताचा, सल्फेट जेमतेम. त्या बाटल्यांमध्ये जे आलं होतं तेच. 

उरलेलं पाणी मी तिथंच, टेबलापाशी उभा राहून प्यायलो. प्रयोगशाळेत खाण्यापिण्याला मनाई आहे. मॅडमनी पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

संध्याकाळी आक्काचा फोन आला. नीट पोचलास का, जेवलास का, सगळं झालं. मग म्हणाली, "काय निघालं रे हिरीचं?"

"प्यायचं नाही ते, आक्का. अजिबात नाही. स्वयंपाकालासुद्धा नको. माठातलं पी तू. माझी शप्पत आहे."

"बरं," ती म्हणाली. ती ऐकणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मग तिनं विचारलं, "आन म्या दिलेलं? पिलास का सांडलंस?"

"प्यायलो."

"समदं?"

"सगळं."

"गोड व्हतं ना?"

मी हो म्हणालो. तिला बरं वाटलं. मागं कळशीचा आवाज आला, आणि अंधार पडायच्या आत पंपावर जाऊन यायचंय म्हणून तिनं फोन ठेवला.